एक खालचा, एक वरचा

काही घरांत प्लॅस्टिकच्या पिशव्या साठतात ना, एका पिशवीत कोंबलेल्या, तसे माझ्याकडे आमच्या शाळेचे किस्से साठलेत. एक ओढावा तर चार बाहेर येतात. फेकवत नाहीत, आणि कधी कामी येतील तेही सांगता येत नाही.

आमची शाळा मुठा खोऱ्यातली, आठवी ते दहावीची. माझे यजमान तिथे हेडमास्तर होते. दिवाळीनंतर ते गेले. शिमग्याच्या सुमारास शाळा जळाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण तसा संबंध आहे असं मानणारे लोक दोन्हीकडे आहेत.

दोन्हीकडे म्हणजे खालचं गाव आणि वरची वाडी. खालचे शेतीवाले, वरचे शेरडं-मेंढरं राखणारे. शाळा बरोबर मध्ये. खालच्यांपैकी एका भावकीनं टेकडीच्या पोटाशी असलेली जमीन पुण्याच्या एका माणसाला विकली. त्यानं काटेरी तारेचं कंपाउंड घातलं, आणि वरच्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची पायवाट त्या तारेत गेली. त्यावर शाळेतच मीटिंग झाली. मीटिंगमध्ये दगड आले. संध्याकाळी शाळेला आग लागली. ती कुणी लावली हे कुणालाच माहीत नाही. म्हणजे माहीत सगळ्यांना आहे, पण दोन्हीकडे वेगवेगळं!

संस्थेनं निरोप धाडला : शाळा उभी करा, पावसाळ्यात तपासणी होईल. दोन्हीकडची मुलं एका वर्गात बसलेली दिसली तर दहावी इथे राहील. नाहीतर ती उचलून हमरस्त्यावरच्या मोठ्या शाळेत नेऊ. खालच्यांच्या मुलांना तिथे गाडीवर सोडणारं कुणीतरी असतं. वरच्यांच्या मुलांना नसतं. वाडीतल्या मंगलच्या वडिलांनी तर मला स्पष्टच सांगितलं, "हितं शाळा असली तर पोरगी धाडीन बाई. न्हाईतर स्थळ आलंय, बघून घीन." मंगल मागे उभी होती. म्हणाली, "दादा, आदी नववीचा निकाल तरी बघा, मंग स्थळ बघा!"

तर अशी ही शाळा पुन्हा उभी करायची होती. त्यासाठीच्या पहिल्याच मीटिंगला तिथले शिंदेसर, जे तेव्हा हंगामी हेडमास्तर झाले होते, त्यांनी एक नियम सुचवला. कुठलंही काम असो, साक्षीला एक खालचा आणि एक वरचा. दोघांनी पाहिलं तर झालं. एकट्यानं पाहिलं तर झालंच नाही!

खालून गणपततात्या आले, माजी सरपंच. वरून कोंडीबामामा, लाल मुंडासं आणि त्याच रंगाचे डोळे. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नसत. म्हणून तर निवड झाली.

*

आधी संशय माझ्यावर होता, हे सांगून टाकते. सर गेल्यावर ही बाई पुण्याला परत का गेली नाही? रोज शाळेच्या राखेत येऊन का उभी राहते? कुणी म्हणे इलेक्शनला उभी राहणार. कुणी म्हणे शाळेच्या जागेवर रिसॉर्ट काढणार, नावसुद्धा ठरलंय. त्यात मी लिहिते, हे कुणालातरी कळलं. मग तर बोलायलाच नको.

एके दिवशी गणपततात्या घरी आले. चहा घेतला नाही. उंबऱ्याशी बसले.

"बाई, खरं सांगा. ह्यात तुमाला काय मिळतंय?"

"काही नाही, तात्या."

"कायबी न्हाई?"

"काहीच नाही."

तात्या जरा मागे सरकले.

"मंग तर डाव लई मोठा हाय!"

*

हिंजवडीच्या एका कंपनीनं मदत करायचं ठरवलं. पत्रे दिले, बाकं दिली आणि एक सीसीटीव्ही कॅमेरा दिला. पुन्हा आग लागली तर कळावं म्हणून.

कॅमेरा बसवायला आलेला मुलगा शिडीवर चढला आणि त्यानं विचारलं, "तोंड कुठे करू?"

तात्या म्हणाले, "वर. टेकडीकडं. आग तिकडनं आली."

कोंडीबामामा म्हणाले, "खाली. गावाकडं. तिकडनंच आली."

मुलगा शिडीवर. एकदा कॅमेरा इकडे वळवतो, एकदा तिकडे. शिंदेसरांनी फाटकाकडे करू म्हटलं, तर फाटक कुणाच्या बाजूला झुकतं यावर वाद झाला. ऊन चढलं. शेवटी मुलगा म्हणाला, "काका, खाली उतरू का मी?"

तेव्हा मामांनी तात्यांकडे न बघताच विचारलं, "बाई कुटं बसत्यात?"

तात्यांनी माझ्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

शाळा जळाल्यापासूनचं ते पहिलं एकमत! कॅमेरा अजून माझ्या खुर्चीवरच रोखलेला आहे.

*

दहावीच्या वर्गाचं बांधकाम निघालं. खालचे म्हणाले, गवंडी आमचा. वरचे म्हणाले, तुमच्या गवंड्यानं भिंत बांधली तर आमच्या पोरांच्या अंगावर पडंल. मग नियमाप्रमाणे एक खालचा गवंडी, एक वरचा गवंडी. एकानं पूर्वेकडून सुरुवात केली, दुसऱ्यानं पश्चिमेकडून. मध्ये भेटायचं ठरलं. पण पातळीसाठी सुताची दोरी एकच धरायची म्हणजे एक टोक दुसऱ्याच्या हातात द्यायला लागतं! ते कुणी देईना. प्रत्येकानं आपापली दोरी बांधली.

दोन्ही बाजू मध्ये आल्या तेव्हा पश्चिमेकडची फरशी चार बोटं वर होती.

"त्यानं खाली घ्यावी," एक म्हणाला.

"त्यानं वर घ्यावी," दुसरा म्हणाला.

कुणीच काही घेतलं नाही. वर्गाच्या मधोमध पायरी राहिली. मुलांनी तिचं नाव ठेवलं बॉर्डर. शिंदेसर गणित शिकवता शिकवता फळ्याच्या या टोकाकडून त्या टोकाला जायचे आणि दर तासाला एकदा ठेचकाळायचे. मुलं वाटच बघत असायची.

पुढे कंपनीच्या मॅडम पाहणीला आल्या. आम्ही सगळे मान खाली घालून उभे. मॅडमनी पायरी पाहिली, दोन पावलं मागे गेल्या, फोटो काढला.

"वॉव! स्प्लिट लेव्हल! हे डिझाइन कुणाचं?"

दोन्ही गवंडी एकदम पुढे झाले.

*

आगीत सगळं गेलं, पण हेडमास्तरांच्या खोलीतलं लोखंडी कपाट राहिलं. काळं पडलं, एका बाजूला कललं, पण बंद. किल्ली माझ्या घरी होती. त्यांच्या खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात. सदरा मी काढला नव्हता.

आता त्या कपाटात काय असेल यावर दोन मतं होती. तात्यांना वाटे, सरांनी पायवाटेबद्दल काहीतरी ठेवलंय आणि ते वरच्यांच्या फायद्याचं आहे. मामांना वाटे, ते खालच्यांच्या फायद्याचं आहे. मी किल्ली आणली तर दोघंही म्हणाले, "आदीच उघडून बघितलं असंल बाईंनी." मी उघडलं नव्हतं. उघडवलं नव्हतं, असं म्हणा.

दोघांच्या साक्षीनं कपाट उघडलं. खडूचा डबा. पीटीची शिट्टी. पावसाळी चपला. आणि त्यांच्या मागे, फडक्यात गुंडाळलेली एक चिनी मातीची बरणी.

त्यांचा रक्तदाब वाढल्यापासून मी घरात लोणचं बंद केलं होतं. त्यांनी एकदाही हट्ट केला नव्हता. मला त्याचं कौतुक होतं. लोकांना सांगायचे मी.

तात्यांनी बरणी हातात घेतली, बूड फिरवून पाहिलं. "ही बरणी आमच्या घरची हाय. मंडळींनी कैरीचं घालून दिलं व्हतं सरांना. लई मागं."

मामांनी झाकण काढलं, बोट बुडवलं, चाखलं. "ह्ये कैरीचं न्हाई. करवंदाचं. आमच्या म्हातारीच्या हातचं."

म्हणजे एका घरची बरणी संपली की ती दुसऱ्या घरून भरून यायची! दोघांनी पहिल्यांदाच एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं.

तात्या म्हणाले, "बाई, वाईट वाटून घिऊ नका. पर दोगांची साक्ष हाय. सर चोरून खात व्हते!"

बरणी मी घरी नेली. अजून संपवलेली नाही.

*

बांधकामाचं सामान पडलेलं असायचं म्हणून दिवसाची राखण लागली. अर्थात दोघांचीच. शाळेच्या पुढे एक आंब्याचं झाड आहे. तात्या खोडाच्या एका बाजूला, मामा दुसऱ्या बाजूला. मध्ये आंबा. सिमेंटवर लक्ष कुणाचंच नसायचं, दोघं एकमेकांवर पहारा ठेवून!

अडचण यायची घरी जायच्या वेळी. आधी उठणार कोण? आधी जाईल तो फसला. दुसरा मागे राहून काय करील याचा काय भरवसा? गवंडी जायचे, मजूर जायचे, गुरं परतायची, आणि हे दोघे बसलेले. तात्यांच्या घरून नातू बोलवायला यायचा, तर तात्या म्हणायचे, "त्याला सांग आदी जायला." वाडीवरून हाका यायच्या, तर मामा म्हणायचे, "त्यो हलला की हलतो."

मी शिंदेसरांना म्हटलं, काहीतरी करा. ते म्हणाले, "मॅडम, माझी बदली होऊ शकते हो. मी नाही मध्ये पडत!"

मग मी कपाटातली ती शिट्टी घेऊन गेले. म्हटलं, शिट्टी वाजली की दोघांनी एकदम उठायचं. आधी नाही, नंतर नाही. पीटीला उठतात तसं.

शिट्टी तोंडाला लावल्यावर मला जरा वेळ लागला. मग वाजवली. दोघं एकदम उठले, एक खाली गेला, एक वर.

दुसऱ्या दिवशी तात्या मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, त्यो शिट्टीच्या आदी ढुंगण उचलतो. मी बघितलं."

मी म्हटलं, "एकट्यानं पाहिलंत ना? मग झालंच नाही."

*

जूनमध्ये शाळा सुरू झाली. वरची मुलं आली, टेकडीला वळसा घालून, ओढा ओलांडून. पायवाटेवर तार होतीच. पण आली.

पहिल्या दिवशी खिचडी केली. शिजवणारी बाई खालची. वरची मुलं ताटं मांडीवर घेऊन बसली आणि हात लावीनात. घरून सांगून ठेवलेलं असणार. शिंदेसरांनी नियम काढला : आधी मामा खातील. तर मामा म्हणाले, "आदी तात्या. गावाची खिचडी हाय, गावानं खावी." तात्या म्हणाले, "मला काय सांगतो? खिचडीतला पाला टेकडीवरचा हाय. आदी तू खा."

दोघांपुढे ताटं. दोघांच्या हातात घास. घास तोंडापर्यंत जायचा आणि समोरच्याचा थांबलेला दिसला की खाली यायचा. पुन्हा वर, पुन्हा खाली. आम्ही सगळे श्वास रोखून बघतोय.

तेवढ्यात मंगल आली. हातात रिकामं ताट, ओठाला पिवळा डाग. मागे पाहिलं तर वरची, खालची सगळी पोरं खाऊन हात धुवायला गेलेली. पातेलं खरवडून झालेलं.

"मामा," ती म्हणाली, "तुमचं खायचं नसंल तर इकडं द्या की!"

*

आता शेवटचा. हा मी सहसा कुणाला सांगत नाही.

आषाढात तपासणी ठरली. आदल्या दोन दिवसांत असा पाऊस झाला की समोरचा डोंगर दिसेना. ओढा भरून आला. सकाळी शाळा उघडली तर खालची मुलं हजर, आणि दहावीच्या वर्गात बॉर्डरच्या पलीकडची सगळी बाकं रिकामी. मामाही नाहीत. झाडाच्या त्यांच्या बाजूला नुसतं पाणी.

साहेब यायला निघाल्याचा फोन आला.

गावात कुजबुज सुरू झाली. "बघा, वरच्यांनी डाव साधला. तपासणीच्याच दिवशी!" कुणी म्हणालं, दहावी घालवायची ठरवूनच बसले होते. शिंदेसर म्हणाले, ओढा आलाय हो, कशी येणार मुलं? त्यावर एकानं विचारलं, "आणि मामा? त्यास्नी पवता येतं की!" खरं सांगायचं तर क्षणभर मलाही वाटलं, की मामांनी मुद्दामच केलं. माणूस एकदा संशय घ्यायला शिकला की हात बसतो.

तात्या उठले. इरलं डोक्यावर घेतलं. घरी जाऊन काहीतरी घेऊन आले, ते इरल्याखाली होतं, दिसलं नाही.

"कुठे, तात्या?"

"त्याला धरून आणतो. दोगांच्या साक्षीबिगर तपासणी व्हईल व्हय?"

आणि टेकडीकडे निघाले. ओढ्याकडून नाही. सरळ. जिथे तार आहे तिकडे.

साहेब आले. मी त्यांना चहा दिला. पुन्हा चहा दिला. शिंदेसरांनी त्यांना नवे पत्रे दाखवले, कॅमेरा दाखवला, साहेबांनी विचारलं, हा या खुर्चीवर का रोखलाय? शिंदेसर माझ्याकडे बघायला लागले. शेवटी साहेब घड्याळ बघत दहावीच्या वर्गाकडे निघाले. फळ्यासमोर उभे राहिले. अर्ध्या रिकाम्या वर्गाकडे पाहून त्यांनी मान हलवली आणि काही म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात मागच्या दारातून मुलं आत यायला लागली. चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेली, डोक्यावर खताची प्लॅस्टिकची पोती. पुढे मंगल. ती आली, बाकावर बसली, आणि पोतं काढून केस पिळले. बॉर्डरच्या पलीकडची सगळी बाकं भरली.

साहेब ओलांडून तिकडे गेले, आणि ठेचकाळले. दोन्हीकडची मुलं एकदम हसली. साहेबांनी वर्गाकडे नीट पाहिलं, मग म्हणाले, "बरं. आहे वर्ग."

मी बाहेर आले. आंब्याखाली तात्या आणि मामा बसले होते. दोघं एकाच बाजूला. पलीकडच्या बाजूला पाणी साठलं होतं, म्हणून असेल.

दुपारी त्या पुण्याच्या माणसाचा केअरटेकर धावत आला. परप्रांतातला पोरगा, घाबरलेला. कानाला फोन, पलीकडे मालक ओरडतोय.

"तार किसने निकाला? टेकडीपासून नाल्यापर्यंत, सगळा तार गायब!"

तात्या म्हणाले, "कसली तार?"

"कंपाउंड का तार! खांब तर आहेत ना उधर!"

"खांब हायेत," तात्या म्हणाले. "खांबाला आमी कुटं न्हाई म्हणतोय?"

"तितं तार व्हती?" मामांनी तात्यांना विचारलं.

"मी तर कदी बघितली न्हाई. तू बघितली?"

"न्हाई बा."

पोरगा रडकुंडीला आला. साहेब गाडीकडे निघाले होते, ते थांबले. शिंदेसरांकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "हे कोण?"

शिंदेसर म्हणाले, "साक्षीदार आहेत, साहेब. आमच्याकडे नियम आहे. दोघांनी मिळून सांगितलं की ते खरं."

पोरगा मात्र तात्यांच्या उजव्या हाताकडे बघत होता. मीही. तळहातावर फडकं घट्ट बांधलेलं होतं, आणि ते ओलं झालं होतं. फडकं लाल होतं. मामांचं मुंडासं एका टोकाला फाटलेलं होतं.

"काका, आपके हाथ को क्या हुआ?"

तात्यांनी हात इरल्याखाली घेतला.

"मांजरानं बोचकारलं."

पोरगा मामांकडे वळला. मामांनी मुंडाशाचं फाटकं टोक आत खोचलं आणि टेकडीकडे बघत म्हणाले,

"व्हय. मीबी बघितलं मांजर."